साखरपुडा झाला, व्हिसा अडला

"मॅडम, त्याचं मन तर फिरलं नसेल?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं विचारलं. घर कोल्हापुरात राजारामपुरीत, नोकरी पुण्यात, साखरपुडा होऊन अकरा महिने झालेले. मुलगा अमेरिकेचा नागरिक, तिथंच वाढलेला. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मन फिरल्यासारखं तो काय वागला, असं मी विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. "तसं काही नाही. पण सगळे विचारतात, तारीख कधी? आणि मला काही सांगता येत नाही."

समुपदेशक म्हणून व्हिसाची वाट बघणाऱ्या जोडप्यांत हे मी पुन्हापुन्हा पाहते. कचेरीतला उशीर माणसाच्या खात्यावर मांडला जातो.

म्हणून आधी फाइलचा प्रवास तिच्याकडूनच कागदावर लिहून घेतला. त्यांनी के-१, म्हणजे वाग्दत्त जोडप्यांसाठीचा व्हिसा, निवडला होता. यात आधी मुलानं तिकडच्या इमिग्रेशन खात्याकडं आय-१२९एफ अर्ज करायचा. तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरमार्गे मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये येते. मग पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, मुलाखत. तिकडं उतरल्यावर ९० दिवसांत लग्न. तिची फाइल अजून पहिल्याच पायरीवर होती. "म्हणजे यात त्यानं करायचं असं आत्ता काहीच नाही," ती स्वतःशीच म्हणाली आणि रडली.

पुढच्या वेळी आई आणि आजी सोबत आल्या. खरा पेच त्यांच्याकडं होता. आजी म्हणाल्या, "पावणं पळालं का काय, असं लोकं इचारत्यात. अंबाबाईम्होरं दोन अक्षता टाकून घेऊ, कागदावर नको नोंदवायला. जीव भांड्यात पडंल."

आजींची तळमळ खरी होती, पण इथं मी स्पष्ट बोलले. हा व्हिसा लग्न न झालेल्यांसाठी आहे. विधी झाला, गळ्यात मंगळसूत्र आलं, तर अधिकारी त्यांना आधीच विवाहित धरू शकतात, नोंदणी नसली तरी. मग के-१ नाकारला जाऊन पती-पत्नीच्या व्हिसाचा वेगळा अर्ज पहिल्यापासून करावा लागतो. आणि मुलाखतीत लपवणं हा तर मार्गच नाही. खोटं बोलल्याचा ठपका पुढं जन्मभर आड येऊ शकतो. इथंच लग्न करून मग अर्ज करणं हाही सरळ रस्ता आहे, पण तो दोघांनी इमिग्रेशन वकिलाशी बोलून, उघडपणे निवडावा. लोकांची तोंडं बंद करायला नव्हे.

आजींना हे रुचलं नाही. आईंनी मात्र विचारलं, "मग पोरीनं नुसतं बसून राहायचं?"

नाही. ती नोकरीचा राजीनामा द्यायला निघाली होती, तो मी थांबवायला सांगितला. तिकडं गेल्यावरही कामाचा परवाना येईपर्यंत कमावता येत नाही, त्यामुळं हाताशी पैसा हवाच. व्हिसा पासपोर्टवर येईपर्यंत हॉलचा अ‍ॅडव्हान्स देऊ नका, हेही सांगितलं. रोज रात्री दोघं फोनवर फाइलचंच बोलत. ते रविवारी अर्ध्या तासापुरतं ठेवायचं ठरलं. पहिल्या आठवड्यात त्यांना दुसरं काय बोलावं हेच सुचेना. हे ऐकून मला वाईट वाटलं. वर्षभरात त्या अर्जानं केवढी जागा व्यापली होती.

मग एक साधी गोष्ट लक्षात आली. ती तिकडं जाऊ शकत नव्हती, पण त्याला इकडं यायला कुणी अडवलं नव्हतं. तो भारताचा टुरिस्ट व्हिसा काढून दहा दिवस आला. रंकाळ्यावर फिरला, भावकीत जेवला, पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला. अक्षता पडल्या नाहीत, पण आजींनी त्याला शेजारी बसवून घेतलं.

परवा आईंचा फोन आला. अर्ज मंजूर झालाय, मुलाखतीची तारीख अजून नाही. बोलता बोलता मागून कुणीतरी पाहुण्यांनी तोच प्रश्न केला. आईंनी फोन कानाला तसाच धरून उत्तर दिलं, "तारीख नाही ठरली. फाइल मुंबईला यायचीय, आली की सांगते. चहा घेणार का?"