वाचकांचे प्रश्न : हायड्रा कुठे शोधावा, कसा जगवावा, कुठे कापावा

हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यात वनस्पतींना चिकटून राहणारा चिमुकला प्राणी. मराठवाड्यात तो पाहण्याचा खरा हंगाम हिवाळाच. या महिन्यात शाळा-कॉलेजांतून आलेल्या पत्रांपैकी हायड्रावरची पत्रे म्हणूनच एकत्र घेतली आहेत.

दहावीला मुकुलायन (अंगावर मुकुल म्हणजे कळी फुटून नवा जीव होणे) शिकवताना मुलांना जिवंत हायड्रा दाखवायचा आहे. आमच्याकडे तो मिळेल का? कुठे बघावे?
— विज्ञान शिक्षिका, सेनगाव (जि. हिंगोली)

गोडे, संथ, स्वच्छ आणि पाणवनस्पतींनी भरलेले पाणी जिथे असेल तिथे शोधा. पाझर तलावाचा उथळ काठ, वापरातली बारव, कडेला हायड्रिला किंवा वॅलिसनेरिया वाढलेली जुनी विहीर या जागा चांगल्या. नवे प्लास्टिक अंथरलेले शेततळे सोडून द्या, तिथे हायड्राला चिकटून बसायला वनस्पतीच नसतात. कापूस-सोयाबीनच्या फवारणीचे पाणी उतरते अशा जागीही वेळ घालवू नका. ग्रामपंचायतीने नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकलेली विहीरही नको. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ साधा.

जागेवर हायड्रा डोळ्यांना दिसत नाही, कारण वनस्पती हलली की तो आखडून टाचणीच्या टोकाएवढा होतो. म्हणून वनस्पतींचे दोन-तीन मूठभर झुपके त्याच पाण्यासह रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत आणा. बरणी खिडकीजवळ, पण थेट ऊन लागणार नाही अशी ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. हायड्रा उजेडाकडे सरकतो. सकाळी उजेडाच्या बाजूच्या काचेवर आणि पानांच्या खालच्या अंगाला भिंगातून बघा: अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीचा, एका टोकाला पाच-सहा धागे (शुंडके) सुटलेला, उसवलेल्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा जीव दिसेल. शंका असेल तर सुईने हलकेच स्पर्श करा. क्षणात गोळा झाला आणि पाच-दहा मिनिटांत हळूहळू पुन्हा लांबला, तर तो हायड्राच. शेवाळाचा धागा असे करत नाही.

काढताना चिमटा नको. ड्रॉपरने पायाशी पाण्याचा हलका झोत मारा आणि सुटला की ड्रॉपरमध्ये ओढून घ्या. ड्रॉपरमध्ये फार वेळ ठेवू नका, तो आतल्या काचेला चिकटून बसतो.

हायड्रा मिळाले, पण दोन-तीन दिवसांत त्यांची शुंडके आखूड झाली, अंग गोळा झाले आणि शेवटी विरघळून गेले. पाणी तर आम्ही आर.ओ.च्या जारचे, एकदम शुद्ध वापरले होते.
— बी.एस्सी. प्रथम वर्षाचा विद्यार्थी, अंबाजोगाई

तुमच्या हायड्राला त्या शुद्ध पाण्यानेच मारले. हायड्राला पाण्यात कॅल्शियम लागतेच. पेशी एकमेकींना धरून राहण्यासाठी आणि दंशपेशींच्या (भक्ष्याला दंश करणाऱ्या पेशींच्या) कामासाठी त्याची गरज असते. आर.ओ.च्या पाण्यात ते जवळपास उरलेले नसते. उलट टोकाला आपल्याकडचे खारे बोअरचे पाणीही चालत नाही. ते जड असते हे ठीक, पण त्यातले एकूण क्षार हायड्राला झेपत नाहीत.

सोपा मार्ग म्हणजे तीन भाग आर.ओ.चे पाणी आणि एक भाग गोड्या विहिरीचे पाणी. प्रयोगशाळा हाताशी असेल तर नेमके द्रावण करा. 100 मिलि शुद्ध पाण्यात 1.47 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट विरघळवा (निर्जल प्रकार असेल तर 1.11 ग्रॅम). दुसऱ्या बाटलीत 100 मिलि पाण्यात 0.84 ग्रॅम खाण्याचा सोडा. एक लिटर आर.ओ.च्या पाण्यात दोन्हींतले 10-10 मिलि घाला. दोन्ही दाट द्रावणे एकाच बाटलीत एकत्र करून ठेवू नका, तळाशी पांढरा साका बसतो आणि कॅल्शियम त्यातच अडकते. पोटॅशियम-मॅग्नेशियमची थोडी गरज भागावी म्हणून लिटरमागे थोडे गोड्या विहिरीचे पाणी घातले तरी पुरते.

नळाचे पाणी वापरायचे तर ते उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून क्लोरीन उडू द्या. आणि एक गोष्ट घराघरांत चुकते: तांब्या-पितळेच्या भांड्यातले पाणी हायड्राला अजिबात देऊ नका. तांब्याचा अंशही त्याला विषारी आहे, इतका की पाण्यातील विषारीपणा तपासण्यासाठी हायड्रा वापरतात. भांडी काचेची घ्या आणि ती साबणाने न धुता गरम पाण्याने धुवा.

दुसरा शत्रू उष्णता. हायड्राला 18 ते 22 अंश मानवते, तिशीच्या आसपास तो मलूल होतो. उन्हाळ्यात मातीच्या पसरट कुंडीत ओली वाळू भरून त्यात काचेचा डबा बसवा आणि वर ओले फडके टाका. मे महिन्यात आपली हवा कोरडी असल्याने हा उपाय चांगला चालतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो चालत नाही, तेव्हा घरातली सर्वांत थंड खोली शोधावी.

तिसरे कारण अन्न, आणि इथे उपासमारीपेक्षा जास्त खायला घालण्याने नुकसान होते. डबक्यातल्या पाणपिसवा (डॅफ्नियासारखे बारीक कवचधारी जीव) किंवा आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची नुकती फुटलेली पिल्ले एक दिवसाआड द्या. आर्टेमिया मिठाच्या पाण्यात फुटतात (लिटरला 25 ते 30 ग्रॅम मीठ, सतत हवा, 24 ते 36 तास), म्हणून देण्यापूर्वी बारीक कापडात गाळून गोड्या पाण्याने नीट धुवा. खाल्ल्यावर सहा-आठ तासांनी हायड्रा न पचलेला भाग तोंडातूनच बाहेर टाकतो. त्यानंतर पाणी बदलले नाही तर उरलेले अन्न कुजते आणि हायड्राच्या अंगावर रांगणारे सूक्ष्मजीव वाढतात. शुंडके आखूड होणे ही त्याची पहिली खूण. ती दिसताच खाणे बंद करा आणि दिवसातून दोनदा पाणी बदला. बहुतेक सावरतात.

हायड्राला हृदय नाही, मेंदू नाही, गुदद्वार नाही असे "नाही-नाही" पुस्तकात वाचतो. मग त्याच्यात आहे तरी काय?
— विद्यार्थिनी, लातूर

हा प्रश्न आवडला, कारण हायड्राची ओळख अभावांनी करून देणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

हायड्राचे शरीर म्हणजे पोकळ नळी. तिची भिंत पेशींच्या दोनच थरांची, बाह्यस्तर आणि अंतःस्तर, आणि मध्ये पेशी नसलेला पातळ मध्यश्लेष. खालचे टोक म्हणजे पाया. त्याच्या पेशी चिकट स्राव सोडतात, त्यावर तो उभा राहतो. वरच्या टोकाला शंकूसारखा मुखशंकू आणि त्याभोवती शुंडके. स्नायू वेगळे नसतात. भिंतीतल्या पेशींच्याच तळाशी आकुंचन पावणारे तंतू असतात: बाह्यस्तरात उभे, अंतःस्तरात आडवे. उभे आखडले की हायड्रा गोळा होतो, आडवे आखडले की लांबतो. सुईच्या स्पर्शाने दिसते ते हेच.

मेंदू नाही, पण दोन्ही स्तरांत चेतापेशींचे जाळे आहे. तोंडाची गंमत तर पाहण्यासारखी: मुखशंकूवर कायमचे भोकच नसते. तिथल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि भक्ष्य आले की त्या ताणून दूर होतात व तोंड उघडते. भक्ष्याच्या जखमेतून ग्लुटाथायॉन हे रसायन पाण्यात आले की तोंड उघडते, हे 1955 मध्ये दाखवले गेले.

शुंडकांवरच्या दंशपेशींत चार प्रकारच्या दंशकुपी (आत गुंडाळलेला धागा असलेल्या सूक्ष्म कुप्या) असतात. मोठी कुपी भक्ष्याचे कवच भेदून विष सोडते, दुसरी पाणपिसवेच्या केसांना वेटोळे घालते, उरलेल्या दोन चिकटण्याच्या कामाच्या. 2006 मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजले तेव्हा मोठ्या कुपीचा काटा सुटताना त्याचा त्वरण गुरुत्वत्वरणाच्या 50 लाख पटींहून अधिक निघाला. प्रत्येक कुपी एकदाच उडते. नव्या दंशपेशी धडात तयार होतात आणि सरकत शुंडकांत जाऊन बसतात.

पुनर्जननाचा (तुकड्यापासून पूर्ण हायड्रा पुन्हा घडण्याचा) प्रयोग प्रकल्पासाठी करायचा आहे. कापायचे कसे आणि किती दिवस बघायचे? मागच्या वर्षी निम्मे तुकडे मेले.
— विज्ञान मंडळ, परभणी

मुकुल नसलेले, सारख्या आकाराचे 15 हायड्रा निवडा: दहा कापायला, पाच न कापता तुलनेसाठी. ते पाच नसतील तर तुकडे कापल्याने मेले की पाण्याने, हे सांगताच येणार नाही. कापण्याआधी 24 तास उपाशी ठेवा. पोटात अन्न असताना कापले की ते जखमेतून बाहेर येते आणि कुजते. तुमचे तुकडे याच कारणाने मेले असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

हायड्रा काचेच्या वाटीत थोड्या पाण्यात घ्या आणि तो पूर्ण लांबेपर्यंत थांबा. आखडलेल्या हायड्रावर ब्लेड चालवले की काप तिरका जातो. नव्या दाढीच्या ब्लेडचा अर्धा भाग किंवा 26 नंबरची इंजेक्शनची सुई वापरा, धडाच्या मधोमध एकाच दाबात काप घ्या. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, हे लिहायला नको. तुकडे ताज्या पाण्यात धुऊन प्रत्येक वेगळ्या वाटीत ठेवा, वाटीवर "वरचा", "खालचा" आणि वेळ लिहा. नवे तोंड येईपर्यंत खायला घालू नका. पाणी रोज बदला, तेही त्याच तापमानाचे.

20 अंशांच्या आसपास साधारण असे दिसेल. काही तासांत जखम मिटते आणि तुकडा गोल होतो. वरच्या अर्ध्याला दुसऱ्या दिवशी नवा पाया येतो. ड्रॉपरचा झोत मारला तरी तो वाटीला धरून राहिला, की पाया झाला समजा. खालच्या अर्ध्याच्या वरच्या टोकावर दीड-दोन दिवसांत शुंडकांचे बारीक उंचवटे उठतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पाणपिसू पकडू लागतो. काप जितका पायाकडे घ्याल तितके डोके उशिरा येते. दर सहा तासांनी शुंडके मोजून लिहिली तर हा फरक आलेखात स्पष्ट दिसतो, आणि प्रकल्पाचा खरा गाभा तोच.

मुलांचा हमखास गैरसमज: तुकडा वाढून पूर्ववत मोठा होतो. तसे होत नाही. उपाशी तुकडा आहे त्याच पेशींची नवी मांडणी करून लहान, पण पूर्ण हायड्रा बनतो. मोठा होतो तो नंतर, खाल्ल्यावर. मधला तुकडा घेतला तर डोक्याकडच्या टोकाला डोके आणि पायाकडच्या टोकाला पाया, ही दिशा तो विसरत नाही.

या प्रयोगाचा इतिहासही मुलांना सांगा. अब्राहम ट्रेम्बलेने 1740 मध्ये हेगजवळ हिरवा हायड्रा कापला तो प्राणी की वनस्पती हे ठरवण्यासाठी; दोन्ही तुकडे पूर्ण झाले. 1909 मध्ये एथेल ब्राउनने एका हायड्राच्या मुखशंकूचा कण दुसऱ्याच्या धडावर लावला, तर तिथे दुसरे डोके उगवले. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हायड्राच्या पुनर्जननावर काम झाले आहे, आणि "हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे" हा वाण त्या कामातलाच.

तुटलेल्या शुंडकापासून हायड्रा का होत नाही? धडाचा बारीक तुकडा तर होतो.
— शिक्षक, भोकर (जि. नांदेड)

शुंडकातल्या पेशी पुरत्या घडून गेलेल्या असतात, त्या विभागत नाहीत. धडातल्या पेशी मात्र सतत विभागत असतात आणि हळूहळू शुंडकांच्या टोकांकडे व पायाकडे ढकलल्या जाऊन तिथे गळतात. म्हणजे न कापलेला हायड्राही रोज नवा होत असतो. कापल्यावर दिसते ते याच कामाचे वेगळे रूप. म्हणून धडाच्या जेमतेम दोन-तीनशे पेशींचा तुकडाही पूर्ण होऊ शकतो, आणि मोठे दिसणारे शुंडक काही दिवसांत विरून जाते. 1972 मध्ये जर्मनीत पेशी सुट्या करून पुन्हा एकत्र गोळा केल्या, तर त्या गोळ्यातूनही हायड्रा उभे राहिले. चेतापेशी काढून टाकलेला हायड्रा हाताने भरवून जगवता येतो, आणि तोही पुनर्जनन करतो. डोके घडवण्याची आज्ञा चेतापेशींवरच अवलंबून नाही, हे यातून कळले.

हायड्रा म्हातारा होत नाही, हे खरे का?
— वाचक, धाराशिव

1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार वर्षे सांभाळलेल्या हायड्रांत वार्धक्याची खूण आढळली नाही. पण सगळ्याच जाती तशा नाहीत. हायड्रा ओलिगॅक्टिस थंडीत अंडी-शुक्रपेशी तयार करू लागला की काही महिन्यांत खंगतो. आणि न म्हातारा होणारा हायड्राही उष्णतेने, उपासाने किंवा घाण पाण्याने मरतोच.

माशांच्या टाकीत काचेवर हायड्रा झाले आहेत. खरवडून काढले तर आणखी वाढले.
— छत्रपती संभाजीनगर

वाढणारच, खरवडताना तुटलेला धडाचा प्रत्येक तुकडा नवा हायड्रा. मोठ्या माशांना धोका नाही. नुकती फुटलेली पिल्ले मात्र तो खातो, म्हणून पिल्लांची टाकी वेगळी करा. डबक्यातून आणलेल्या जिवंत खाद्यातून किंवा वनस्पतींतून तो आला असणार, आणि उरलेल्या आर्टेमियावर पोसला जातो. खाद्य कमी करा. ठिपक्यांचा निळा गोरामी मासा हायड्रा खातो. एक-दोन सोडून पाहा. तांब्याचे औषध टाकू नका, कोळंबी आणि गोगलगायी आधी मरतील. फेनबेंडाझोल या जंतनाशक औषधाने हायड्रा मरतो, पण काही गोगलगायींनाही ते बाधते. त्या दुसऱ्या टाकीत हलवून मगच वापरा. आणि टाकीतले काही हायड्रा बाटलीत भरून जवळच्या शाळेला द्या, त्यांना ते शोधत बसावे लागतात.