‘विषारी जनुके’ म्हणावे का?

वाईहून जीवशास्त्राच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. बारावीच्या मुलांसाठी लिहिलेल्या टिपणात त्यांनी ‘रोगजंतूंमधील लोह शोषणारी विषारी जनुके’ असा शब्दप्रयोग केला आहे. ‘व्हिरुलन्स’साठी ‘विषारीपणा’ चालेल का, असे त्या विचारतात.

ताई, चालणार नाही. तुम्ही निवडलेला विषयच त्या शब्दाच्या आड येतो.

मूळ लॅटिन शब्द विषावरून आला, हे खरे. आपला ‘विखारी’ही विषातूनच निघाला आणि पुढे बोलण्याला, टीकेला लागू झाला. पण वैद्यकात व्हिरुलन्स म्हणजे जंतू किती तीव्र रोग घडवतो त्याची मात्रा. विष हे त्याचे एक हत्यार, एकमेव नव्हे. लोह मिळवून देणारी जनुके विषाचा थेंबही तयार करत नाहीत, तरी ती गेली की भलेभले जंतू नांगी टाकतात.

आपल्या शरीरात लोह भरपूर असते, मोकळे मात्र जवळजवळ नसतेच. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि रक्तातले ट्रान्सफेरिन ही प्रथिने ते धरून ठेवतात. जंतुसंसर्गाने ताप आला की यकृत हेपसिडिन हे संप्रेरक जास्त सोडते आणि रक्तातले लोह आणखी उतरते. त्यावर जंतूंचा उपाय म्हणजे सिडेरोफोर: बाहेर सोडलेले छोटे रेणू, जे लोह पकडून परत येतात. आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूचे एन्टेरोबॅक्टिन हे सिडेरोफोर तर ट्रान्सफेरिनपेक्षाही लोह घट्ट धरते.

प्लेगचे उदाहरण मुलांना जरूर सांगा. आपल्या सातारा-सांगलीकडच्या जुन्या पिढ्यांनी या साथीत घरेदारे सोडून माळावर झोपड्या टाकल्या होत्या. त्या काळी या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. त्याचा जीवाणू येर्सिनिया पेस्टिस. त्याच्या एका प्रयोगशाळेतल्या वाणात येर्सिनियाबॅक्टिन या सिडेरोफोरची जनुके असलेला डीएनएचा मोठा तुकडाच गळालेला आहे, म्हणून तो निरुपद्रवी मानला जाई. 2009 मध्ये शिकागोत त्याच वाणाच्या संसर्गाने एका संशोधकाचा मृत्यू झाला. त्यांना हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार होता, हे मृत्यूनंतर कळले. जंतूची उणीव त्या लोहाने भरून काढली असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे. नवे विष कुठून आले नव्हते. मग ‘विषारीपणा वाढला’ असे कसे म्हणणार?

म्हणून मी ‘उग्रता’ सुचवतो. त्याला कमी-जास्त लावता येते, आणि क्षीण केलेल्या जंतूशी (बीसीजी लशीत असतो तसा) त्याचा विरोध नीट जुळतो. ‘रोगकारकता’ वेगळी ठेवा. ती रोग घडवण्याची क्षमता, उग्रता तिची मात्रा.

‘विष’ हा शब्द घटसर्पासाठी राखा, तिथे तो अक्षरशः खरा आहे. लोह पुरेसे असेल तर घटसर्पाच्या जीवाणूतले एक प्रथिन लोहाशी जोडले जाऊन विषाचे जनुक बंद ठेवते. लोहाची टंचाई झाली की ते प्रथिन जनुकावरून सुटते आणि विष तयार होऊ लागते. ई. कोलायमध्ये ‘फर’ नावाचे प्रथिन याच तत्त्वावर लोह मिळवण्याची जनुके बंद-चालू करते. लोह कमी पडले, म्हणजे आपण कुणाच्या तरी शरीरात शिरलो, असा संकेतच जंतू त्यातून घेतो. मला या विषयातली ही सर्वात विलक्षण गोष्ट वाटते, आणि टिपणात तिला एक परिच्छेद मिळायला हवा.

‘शोषण’ही बदला. पाणी मुरावे तसे लोह जंतूत आपोआप मुरत नाही. तो ऊर्जा खर्चून ते आत घेतो. ‘लोहग्रहण’ बरे. सिडेरोफोरला मात्र ‘लोहवाहक’ करू नका. शब्दशः अर्थ तोच असला, तरी ट्रान्सफेरिनही लोहवाहकच आहे, आणि ते आपल्या बाजूचे! मुलांचा तिथे हमखास गोंधळ होईल. सिडेरोफोर तसाच ठेवून पहिल्या वेळी अर्थ सांगा.

तुमचे वाक्य असे करता येईल: ‘रोगजंतूंमधील लोहग्रहण आणि उग्रता यांचे नियमन करणारी जनुके’.