बांगडा बाधला, की बर्फ कमी पडला?

(रत्नागिरीत मासळी प्रक्रिया कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागातून निवृत्त झालेल्या ताई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, रविवारी बाजारातून बांगडे आणून तिखलं केलं. जेवून हात धुवायच्या आत यजमानांचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड सुरू झाली. मी आणि मुलानं तेच तिखलं खाल्लं, आम्हाला काही झालं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रात्रीपर्यंत सगळं उतरलं. "माशाची ॲलर्जी आहे, आता मासे बंद," असं त्यांनी सांगितलं. जन्मभर मासे खाणाऱ्या माणसाला अचानक ॲलर्जी कशी होईल? माशाला वासही नव्हता. शेजारी म्हणतात, मासा टिकवायला मारतात ते फॉर्मॅलिन नावाचं रसायन असणार.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र वाचताना माझ्या मनात पहिलं नाव आलं ते फॉर्मॅलिनचं नव्हे, हिस्टामिनचं. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य मुळातच भरपूर असतं. मासा मेला की कल्ल्यांतले आणि आतड्यातले जंतू मांसात पसरतात आणि ऊब मिळाली की हिस्टिडिनचं हिस्टामिन करून टाकतात. ॲलर्जी होते तेव्हा आपल्याच शरीरात हिस्टामिन सुटतं. इथे ते माशातून आयतं पोटात जातं. म्हणून लक्षणं हुबेहूब ॲलर्जीची दिसतात आणि ॲलर्जीच्याच औषधानं उतरतात.

तुम्ही दोघं कसे सुटलात? एकाच पाटीतल्या सगळ्या बांगड्यांत हिस्टामिन सारखं नसतं. बर्फात गाडलेला मासा चांगला निघतो, कडेला उघडा पडलेला बाधतो. यजमानांच्या ताटात तो दुसरा आला असावा.

वास नव्हता हेही पटतं. हिस्टामिनला वास नाही, रंग नाही. कधी कधी जिभेला मिऱ्यासारखी चुरचुर जाणवते, पण तिरफळं घातलेल्या तिखल्यात ती कोणाला कळणार? आणि एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असते : एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, गोठवून किंवा डबाबंद करूनही जात नाही. "चांगलं खरपूस तळलं होतं हो," याला इथे काही अर्थ नाही.

जेट्टीवर माल उतरला की आम्ही थर्मामीटरची सुई बांगड्याच्या पाठीत, मधल्या काट्याला लागेपर्यंत खुपसायचो. क्रेटमध्ये वरचे मासे बर्फाला टेकलेले, सुई दोन-तीन अंश दाखवायची. तोच क्रेट उपसून तळाशी हात घातला की मासा कोमट लागायचा आणि सुई चौदा-पंधरावर जायची. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच चकचकीत. मासा आणि बर्फ वजनाला एकास एक, खाली बर्फ, मध्ये मासा, वर पुन्हा बर्फ, हा आपल्या हवेतला हिशेब. तो मोडतो तिथून बिघाड सुरू होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस अशी की हवा किंवा पाणी २८.३ अंश सेल्सिअसहून गरम असेल तर मासा मेल्यापासून ६ तासांच्या आत बर्फात गेलाच पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात याहून थंड दुपार कुठे असते?

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. युरोपात जाणाऱ्या मालाच्या प्रत्येक लॉटमधून ९ नमुने काढून हिस्टामिन मोजतात. सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, एकही नमुना २०० च्या वर चालत नाही. ही तपासणी मी स्वतः केली आहे. तोच बांगडा टेम्पोत बसून घाट चढला, की त्याला सुई लावणारा कोणी भेटत नाही. परदेशातल्या माणसाच्या ताटाला जी काळजी मिळते ती कोल्हापूरच्या ताटाला का मिळू नये? किमान घाऊक बाजारात पहाटे गाडी उघडताना माशाचं तापमान घेणं तरी बंधनकारक असावं. थर्मामीटर काही महाग नसतो.

तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा. बाजारात मासळी सगळ्यात शेवटी घ्या आणि बर्फ घातलेला डबा सोबत न्या. शेपटीकडून धरला तर बांगडा ताठ राहायला हवा. लुळा पडलेला, पोट फुटलेला किंवा कल्ले तपकिरी झालेला घेऊ नका. मावशींना बिनदिक्कत सांगा, "उघडा पडलेला नको, बर्फात गाडलेला काढून द्या." घरी आल्या आल्या कल्ले आणि आतडी काढून टाका. मीठ-हळद लावून तास-दोन तास ओट्यावर ठेवायची आपल्या बायकांची सवय आहे, ती मोडा. हळदीनं हे जंतू पुरते थांबत नाहीत. मुरवायचंच तर फ्रीजमध्ये. गोठवलेला मासाही रात्रभर ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच सुटू द्या.

आता यजमानांचं. मी डॉक्टर नाही. माशाची खरी ॲलर्जी मोठेपणीही सुरू होऊ शकते, म्हणून ॲलर्जीतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय त्यांना पुन्हा मासे वाढू नका. तिथे "त्या दिवशी बांगडा होता" हे आवर्जून सांगा, डॉक्टरांना त्यानं दिशा मिळते. कोणालाही दम लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली तर घरी वाट न बघता थेट रुग्णालयात न्या. घरात कोणी क्षयाची आयसोनियाझिड ही गोळी घेत असेल तर जास्तच जपा. ती चालू असताना हिस्टामिनचा त्रास फार जोरात होतो.

प्रश्न : २०१८ पासून मासे घेताना धास्ती वाटते. माशी बसत नाही म्हणजे फॉर्मॅलिन, हे खरं का? बोंबलांत सगळ्यात जास्त असतं म्हणे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमची धास्ती मी समजू शकते. १२ जुलै २०१८ ला मडगावच्या घाऊक बाजारात पहाटे तपासणी झाली, फॉर्मॅलिन सापडल्याची बातमी पसरली आणि त्याच दिवशी ते मर्यादेत असल्याचं सांगण्यात आलं. एका दिवसात दोन निर्वाळे मिळाले तर लोकांनी विश्वास कुठे ठेवायचा? आठवड्याभरात सरकारला परराज्यातली मासळी काही दिवस बंद करावी लागली.

माशी ही काही कसोटी नव्हे. बर्फातल्या थंडगार माशावरही माश्या कमीच बसतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेनं कागदी पट्टीचं किट तयार केलं आहे : पट्टी माशावर घासायची, वर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि रंग तक्त्याशी ताडून बघायचा. गृहसंकुलानं किंवा बाजार समितीनं मिळून घ्यावं असं ते आहे.

बोंबलाचं मात्र वेगळं आहे. कोणी काही न लावताही त्याच्या मांसात साठवणीत आपोआप फॉर्माल्डिहाइड (फॉर्मॅलिन म्हणजे याचंच पाण्यातलं द्रावण) तयार होतं, त्यामुळे त्याचा आकडा इतर माशांशी जुळवून विक्रेत्याला चोर ठरवता येत नाही. वरून फॉर्मॅलिन मारणं मात्र सरळ गुन्हा आहे, आणि ते मारलं जातं बर्फाचे पैसे वाचवायला.

प्रश्न : तिसऱ्या (शिंपल्या) उकडताना तोंड उघडलं की लगेच उतरवते. चालेल ना?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : नाही, तोंड उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं उकळू द्या. तिसऱ्या पाणी गाळून जगतात, खाडीत सांडपाणी येत असेल तर त्यातले जंतू आणि काविळीचे विषाणू त्यांच्यात साठतात. शिजवण्याआधी ज्यांचं तोंड उघडं आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही, त्या आधीच काढून टाका.