ड्रायरचं पुढच्या वर्षी बघू, आधी मार्चची उचल बंद करा

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरून पत्र आलं आहे. वय 34, घरी बायको आणि दोन मुलं. स्वतःच्या आणि शेजारच्या झाडांच्या कैऱ्यांचं आमचूर करतात, वर्षाला 15 क्विंटलच्या आसपास. प्रश्न असा: कर्ज काढून 6 लाखांचा ड्रायर घ्यावा, की पाडा सोडून सुरतेला कामाला जावं?

उत्तर देतो. पण पत्राच्या शेवटची एक ओळ मी तीनदा वाचली: ‘दर मार्चला पॉलिसीचे 50 हजार भरायचे असतात, म्हणून व्यापाऱ्याकडून उचल घेतो.’

त्या उचलीपायी सगळा माल त्यालाच, 140 रुपये किलोने. उचल न घेतलेल्या शेजाऱ्याला त्याच व्यापाऱ्याने 190 दिले, हे तुम्हीच लिहिलंय. किलोमागे 50, म्हणजे 1500 किलोंचे 75 हजार. उचल फेडायची ती वेगळीच. तीन महिन्यांसाठी घेतलेल्या 50 हजारांवर 75 हजार व्याज देताय तुम्ही, आणि वहीत ते कुठेच दिसत नाही.

हे सगळं कशासाठी? बारा वर्षांत 6 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी 12 लाख घ्यायचे, यासाठी. एजंटने ‘दुप्पट’ एवढंच ठसवलं. हिशेब मांडला तर परतावा जेमतेम पाच टक्के पडतो; पोस्टातल्या पीपीएफला 7.1 टक्के आहेत. विमा म्हणाल तर फक्त 5 लाखांचा. तुम्हाला काही झालं तर दोन मुलांना ते किती वर्षं पुरतील? ज्याच्या हातात पैसा मे-जूनमध्ये येतो, त्याच्या गळ्यात मार्चचा हप्ता बांधणाऱ्याचा मला खरोखर राग येतो.

पॉलिसी 2023 ची, तीन हप्ते गेले, दीड लाख. आता सरेंडर केली, म्हणजे मध्येच बंद करून पैसे परत मागितले, तर भरलेल्या रकमेच्या निदान 35 टक्के, म्हणजे 50 हजारांहून थोडे जास्त मिळतील. नेमका आकडा विमा कंपनीच्या शाखेतून लेखी घ्या. लाखभर रुपये गेले, याचं वाईट वाटणारच. पण चौथा हप्ता भरून ते परत येणार नाहीत. पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर, पॉलिसी ठेवता येते, पण तुम्हाला रोख रक्कम आत्ता हवी आहे: त्यातून शेजारच्यांच्या कैऱ्या रोखीने घ्या आणि तयार माल कोणाला विकायचा ते तुम्ही ठरवा. सरेंडर करण्याआधी मात्र बँकेत 436 रुपये भरून सरकारच्या जीवन ज्योती योजनेचा 2 लाखांचा विमा सुरू करा आणि मोठ्या टर्म विम्यासाठी (ज्यात बचत नसते, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे मिळतात) अर्ज टाका.

आता ड्रायर. अवकाळीची एक सर आली की उन्हात पसरलेल्या फोडी काळ्या पडतात आणि भाव पडतो, म्हणून तुम्हाला तो हवासा वाटतो, हे समजतं. पांढऱ्या फोडीला किलोमागे 30 रुपये जास्त धरले तरी वर्षाला 45 हजार झाले. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेचं 35 टक्के अनुदान आणि स्वतःचे 60 हजार वजा केले तरी सव्वातीन लाखांवर कर्ज उरतं. पाच वर्षांच्या मुदतीत त्याचे हप्ते वर्षाला 85 हजारांच्या घरात जातात. अनुदानही लगेच हातात पडत नाही. खातं तीन वर्षं नियमित राहिलं तरच ते कर्जात वळतं होतं. बाकीचे दहा महिने मिरची-कांदा वाळवू म्हणता, पण तो घेणार कोण? पत्रात एकाही गिऱ्हाइकाचा उल्लेख नाही. यंदा बांबूचे उंच माच आणि चांगली ताडपत्री घ्या. एक हंगाम उचलीशिवाय काढा, आणि दहा महिन्यांचं गिऱ्हाईक मिळालं आणि योजना तेव्हाही सुरू असली तर पुढच्या वर्षी अर्ज करा. अर्जासाठी 15 हजार मागणाऱ्याला काही देऊ नका. योजनेची जिल्हा संसाधन व्यक्ती ते काम करते आणि तिचं मानधन योजनेतूनच निघतं.

सुरतेला दिवाळीनंतर दोन-तीन महिने जायला हरकत नाही, पण कैरी उतरायच्या आधी घरी या.

‘कर्ज हवं तर आणखी एक पॉलिसी घ्या’ असं बँकेच्या शाखेत सांगितल्याचं लिहिलंय. अशी सक्ती करता येत नाही. ती अट कागदावर लिहून मागा आणि तो कागद मला पाठवा.