अँजिओग्राफीनंतर जांघेत गाठ आली, ऑपरेशन करावंच लागेल का?

वडिलांच्या जांघेत ठणकणारी, हाताला उडती लागणारी गाठ आलीय आणि डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) स्यूडोॲन्युरिझम निघालाय, असं तुम्ही लिहिलंय. धीर धरा, बहुतेकदा चिरफाड लागत नाही. अँजिओग्राफीच्या सुईने धमनीला पडलेलं भोक नीट बुजलं नाही की धमनीतलं रक्त बाहेर येऊन शेजारी पोकळी करतं, तीच ही गाठ.

दोन सेंटिमीटरच्या आतली असेल, वाढत नसेल, तर पुष्कळदा आपोआप गोठते. फक्त डॉपलर पुन्हा करायचं. मोठी असेल तर पूर्वी सोनोग्राफीचा प्रोबच दहा-दहा मिनिटं दाबून धरत. पेशंट कळवळायचा, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर बऱ्याचदा उपयोगही होत नसे.

आता सोनोग्राफीत बघत बारीक सुईने पोकळीत थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं औषध सोडतात. पडद्यावर लाल-निळं गरगरणारं रक्त काही सेकंदांत थिजतं. मात्र गाठीची मान, म्हणजे धमनीतून पोकळीत जाणारी वाट, आखूड, रुंद असेल तर औषध धमनीत उतरायची भीती असते, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

पाय गार पडला, गाठ झपाट्याने वाढली, वरची कातडी काळवंडली किंवा ताप आला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. अशा वेळी ऑपरेशनच लागू शकतं. आणि स्टेंट टाकला असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका.