पाकिटावर नुसतं ‘मसाले’ लिहिलंय, त्यात तीळ आहेत का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, माझ्या ७ वर्षांच्या मुलाला तिळाची ॲलर्जी निघालीय. मागच्या थंडीत कोणीतरी मुरैन्याची गजक (तीळ-गुळाची कुटलेली मिठाई) आणली, त्याने एकच तुकडा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, उलटी झाली. डॉक्टरांनी टेस्ट करून तीळ पूर्ण बंद करायला सांगितलंय. पण गेल्या महिन्यात एका नमकीनच्या पाकिटाने परत अंगावर तशाच गांध्या, आणि मी पाकीट नीट वाचलं होतं हो, ॲलर्जीच्या ओळीत फक्त गहू आणि सोया होतं. सासूबाई म्हणतात तिळाची कुठे ॲलर्जी असते का. आता संक्रांत आलीय, काय करू?
– एक आई, ग्वाल्हेर

उत्तर: ताई, तुमचं वाचण्यात काहीच चुकलेलं नाही. आपल्याकडे एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचे, २०२० चे लेबलचे नियम आहेत, त्यात ॲलर्जी म्हणून वेगळं लिहायची यादी आहे, गव्हासारखं ग्लूटेनवालं धान्य, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदाम, सोया आणि सल्फाइट, पण तीळ त्यात नाहीत. अमेरिकेत २०२३ पासून तीळ लिहिणं सक्तीचं झालंय, युरोपात तर आधीपासून आहे, आणि जिथे आख्खी थंडी गजकेवर निघते त्या आपल्या देशात नाही, याचा मला खरंच राग येतो. वर घटकांच्या यादीत कंपनीने नुसतं ‘मसाले’ लिहिलं तरी नियमात बसतं. म्हणजे ॲलर्जीच्या ओळीत तीळ दिसले नाहीत याचा अर्थ आत तीळ नाहीत असा धरायचाच नाही.

पाकिटावर कस्टमर केअरचा नंबर असतोच, तिथे फोन करा, पण ‘ॲलर्जी आहे, चालेल का’ असं विचारू नका, समोरचा हो म्हणून मोकळा होतो. सरळ विचारा की मसाल्यात तीळ आहेत का, आणि त्याच मशीनवर तिळाचं काही बनतं का. शक्यतो मेलवर लेखी घ्या. उत्तर गोलमोल आलं तर ते पाकीट घरात नको.

तीळ दुसऱ्या नावानेही येतात, सेसमी, जिंजेली, ताहिनी. वनस्पती तुपात तिळाचं तेल घालायचा नियम आपल्याकडे वर्षानुवर्षं होता, साजूक तुपात वनस्पतीची भेसळ केली तर पकडता यावी म्हणून, त्यामुळे बेकरीच्या मालात वनस्पती आहे का तेही विचारा. घाणीचं मोहरीचं तेल घेत असाल तर त्याच घाणीवर तीळ गाळतात का हे बघा. आणि आपला स्वतःचा गोडा मसाला! त्यात तीळ असतातच, मग आमटी, भरली वांगी, मसालेभात सगळीकडे गेले. मुलाचा मसाला बिनतिळाचा, वेगळ्या डब्यात, वेगळा चमचा.

सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन जा, तुम्ही सांगून नाही पटणार ते त्यांच्या तोंडून ऐकलं की पटेल. संक्रांतीला लोक घरी येतातच, तेव्हा आधीच फोन करून सांगा, मुलाच्या हातात काही देऊ नका, यात कसला संकोच. शेंगदाणे त्याला चालत असतील तर घरीच दाणे-गुळाच्या वड्या करा, आणि हलवा साबुदाण्यावर करा, विकतचा बरेचदा तिळावरच काढलेला असतो. गजक कुटतात त्या दुकानात त्याला नेऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ॲलर्जीच्या सिरपने खाज थांबते, पण घसा सुजला किंवा श्वास लागला तर त्याचा उपयोग नाही, तिथे मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं. ते घरी ठेवायचं का, किती आणि कसं द्यायचं, हे या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून घ्या आणि शाळेतल्या बाईंनाही लिहून द्या. तसं कधी झालंच तर वाट बघत बसू नका, लगेच १०८.

प्रश्न: मला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन चालत नाही, पोळी-ब्रेड सगळं बंद आहे तरी त्रास होतो, काय राहिलं असेल?
– वाचक, ग्वाल्हेर

उत्तर: हिंगाची डबी वाचा. आपण वापरतो तो हिंग शुद्ध नसतो, त्यात बरेचदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. तांदळाच्या पिठातला मिळतो, तो मागा.