हायडॅटिड सिस्ट: गाठ, गळू की पुटी?

प्रश्न असा आहे: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात 'हायडॅटिड सिस्ट'ला, म्हणजे पट्टकृमीमुळे (टेपवर्ममुळे) शरीरात होणाऱ्या पाण्याने भरलेल्या पिशवीला, मराठीत काय म्हणावे? 'गाठ' आणि 'गळू' सगळ्यांना कळतात, 'पुटी' पुस्तकी वाटते.

'गळू' तेवढे कृपा करून लिहू नका. शब्द आपली क्रियापदे बरोबर घेऊन येतो. गळू पिकते, फुटते, निचरा होतो, ठणका थांबतो. तिथे फुटणे ही सुटका असते. इथे फुटणे हाच मोठा धोका. आत पू नसतो, नितळ पाणी असते, तेही दाबाखाली. त्यात एकिनोकॉकस या पट्टकृमीची असंख्य सूक्ष्म डोकी असतात. तळाशी साचली की ती वाळूसारखी दिसतात. हे पाणी पोटात सांडले तर अंगावर गांधी उठण्यापासून रक्तदाब कोसळण्यापर्यंत तीव्र ॲलर्जी होऊ शकते, आणि सांडलेल्या डोक्यांपासून नव्या पुट्या वाढू शकतात.

'गाठ' इतका घात करत नाही. पण ती भरीव वाटते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधी कॅन्सर येतो.

संस्कृत 'पुट' म्हणजे द्रोणासारखी पोकळी; संपुट, नासापुट यांत तोच शब्द आहे. 'पुट चढवणे' यातला थराचा अर्थही इथे चपखल बसतो, कारण पुटीची भिंत थरांचीच: बाहेर आपल्या शरीराने घातलेले तंतुमय कुंपण, मध्ये पापुद्र्यांचा पांढरट थर आणि आत पातळ जननस्तर. पिल्लपुट्या, म्हणजे आतल्या लहान पुट्या, या जननस्तरातून तयार होतात. पहिल्यांदा 'पुटी, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी' असे लिहा. पुढे नुसते 'पुटी' पुरे.

सुईने करायच्या उपचाराला 'पाणी काढणे' म्हणणे अपुरे आहे. त्यात चार क्रिया आहेत: सोनोग्राफीत पाहत सुई घालणे, पाणी ओढणे, 95 टक्के अल्कोहोल किंवा 20 टक्के मिठाचे पाणी आत सोडून 10 ते 15 मिनिटे थांबणे, आणि ते परत ओढून घेणे. ओढलेल्या पाण्यात पित्त आढळले तर तिसरी क्रिया करत नाहीत, कारण ते द्रावण पित्तनलिकांत शिरून त्या कायमच्या आकसू शकतात. फुप्फुसातल्या पुटीवर हा उपाय नसतो.

सुई घालण्याआधी किमान 4 तास अल्बेंडाझोल हे कृमिनाशक औषध सुरू करतात आणि नंतर महिनाभर चालू ठेवतात. त्याबद्दल 'जेवणानंतर घ्या' एवढेच लिहू नका. 'स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर' असे लिहा, कारण रिकाम्या पोटी हे औषध फार कमी शोषले जाते.

'मटणातून होणारा आजार' हेही चूक. मेंढीच्या यकृतातली पुटी कुत्र्याने कच्ची खाल्ली तर त्याच्या आतड्यात कृमी वाढतो. माणसाला बाधा होते ती कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी हात, पालेभाजी किंवा पाण्यातून पोटात गेल्यावर. रुग्णाकडून दुसऱ्या माणसाला हा आजार लागत नाही. म्हणून 'संसर्गजन्य' शब्द एकटा सोडू नका. तो वाचून घरचे लोक रुग्णाचे ताट-पांघरूण वेगळे करतात.